दीड वर्षाची मैना तिसरीत गेली

आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर एक अमेरिकेचं पोरगं राहत होतं. त्याला कुणी पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या तक्त्यावर डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडं चढत जाणारी एक वाकडी रेघ होती, तेच ते पोरगं. तिच्याखाली आणखी तीन-चार रेघा होत्या, पण त्या तिच्याच हिशोबानं ओढलेल्या. आमची पोरं ह्या रेघांच्या मध्ये कुठंतरी एकेक ठिपका होऊन बसायची.

सेविका शैलाताई भिगवणवरून यष्टीनं यायच्या. मी त्यांच्या हाताखाली मदतनीस. माझं माहेर पणदऱ्याचं, सासर डाळजच्या अलीकडच्या ह्या वस्तीवर. शिक्षण चौथी. माझं काम म्हणजे झाडलोट करायची, पोरं गोळा करून आणायची, सुकडी म्हणजे पोरांचा पिठाचा सरकारी खाऊ वाटायचा आणि महिन्यातून एकदा वजनाच्या दिवशी पोरं काट्याला लटकवायची. बोलायचं काम ताईंचं. ते बरंच होतं, कारण मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. म्हणून हेही मी जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. इथं कुणी मध्येच 'काय म्हणालीस?' असं विचारत नाही.

पहिल्या वजनाच्या दिवशी ताईंनी बायकांना तक्ता समजावून सांगितला. वरची रेघ अमेरिकेतल्या चांगल्या पोसलेल्या मुलांची, आपली मुलं त्यांच्याशी ताडून बघायची, असं त्यांना प्रशिक्षणात सांगितलं होतं. बायका शांतपणे ऐकत होत्या. मग तारावहिनीनं विचारलं. तारावहिनी म्हणजे आमच्या शेजारची, तिचा बंडू वस्तीवरचं सगळ्यात गुटगुटीत पोरगं.

"ताई, त्या पोराचा बाप काय करतो?"

"अहो, ते एक पोरगं नाही. हजारो पोरं तोलून ती रेघ काढली आहे."

"हजारोंचं मिळून एवढंच वजन?"

"सरासरी हो, सरासरी."

"मंग आमचा एकटा बंडू का त्यांच्या हजारात लावताय? त्यांचं बी एकच पोरगं आणा की म्होरं."

ताईंनी 'बघू' म्हटलं. त्यातून दोन म्हाताऱ्यांचा असा समज झाला की पुढच्या महिन्यात अमेरिकेचं पोरगं येणार आहे. एकीनं त्याला कुंची शिवायला घेतली. "लई थोराड असंल व्हय गं?" म्हणून मला मापही विचारून गेली. मी काही बोलले नाही. माझा स्वभावच तसा, आणि ह्या गोष्टीत जे काही बिघडलं ते त्या स्वभावापायीच बिघडलं.

वजनाचं काम बाहेरून सोपं दिसतं. घड्याळासारखा गोल काटा आढ्याला दोरीनं टांगायचा. खाली कापडाची चड्डी, दोन पायांना दोन भोकं. पोरगं तिच्यात घातलं की ते हातपाय झाडतं, काटा नाचतो, आणि तो थांबेपर्यंत पोरगं मुततं. मग थोडं कमीच भरतं. पण खरी अडचण वजनाची नाही, वयाची. वजन चुकलं तर पाव किलो चुकतं. वय दोन-तीन महिने चुकलं तर ठिपकाच भलत्या घरात जातो. आणि वय विचारावं तर उत्तर येतं, "बेंदराच्या टायमाला झालंय." "आधी का नंतर?" "बैलं रंगवत हुते तवा."

वजन आणि वय जुळलं की ठिपका कुठल्या रेघेखाली पडतो ते बघून शैलाताई नावापुढं लिहायच्या. वरच्या पट्ट्यात असेल तर 'सर्वसाधारण'. त्याखाली 'श्रेणी १', मग २, ३, आणि तळात ४.

आता माझी चूक सांगते. माझ्या चौथीच्या निकालावर गुरुजींनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'प्रथम श्रेणी'. त्याच वर्षी माझी शाळा सुटली. तो कागद आईनं देव्हाऱ्यात हळदी-कुंकवाच्या डबीखाली ठेवला होता. माझ्या आयुष्यात तो शब्द एकदाच आला, आणि तो चांगला होता. त्यामुळं आखाडात ताईंनी मैनाच्या नावापुढं 'श्रेणी १' लिहिलेलं मी वाचलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आपणहून, कुणी न विचारता, आबांच्या दारात जाऊन सांगितलं, "मैना पहिल्या श्रेणीत आली."

आबा म्हणजे मैनाचे आजोबा. उमेदीत दोनशे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत गेलेला माणूस. आता कळप गेला होता, दारात हौसेपुरत्या दोन मेंढ्या होत्या. मुलगा कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर, महिना महिना बाहेर. सून कमल सकाळीच लोकांच्या रानात कामाला जायची. दहा महिन्यांची मैना दिवसभर आबांजवळ असायची. शांत पोरगी. कधी रडायची नाही, कधी हट्ट नाही. आबा म्हणायचे, "शानी हाय माझी." मी तर त्यावर सरकारी शिक्काच आणून दिला होता.

आबांनी गूळ-खोबरं वाटलं.

तारावहिनी मात्र तक्त्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या बंडूपुढं 'सर्वसाधारण' लिहिलेलं होतं.

"ताई, माझ्या पोराला मी तूप घालती. आन ह्यो साधारण?"

"अहो वहिनी, साधारणच चांगलं."

"समजूत काढू नका. कुठं कमी पडतोय तेवढं सांगा."

"कुठंच नाही. आहे तसाच राहू द्या त्याला."

तारावहिनी घरी जाऊन रडली. पोराचा मास्तरनंच नाद सोडला, असं तिला वाटलं.

तुम्ही म्हणाल, ताईंच्या लक्षात कसं आलं नाही? त्या दहाच्या यष्टीनं यायच्या, एकच्या यष्टीनं जायच्या. मधल्या वेळात त्या नियमाप्रमाणं सगळं सांगायच्या. दिवाळीत मैना दुसऱ्या श्रेणीत गेली. त्या कमलला म्हणाल्या, "दुसऱ्या श्रेणीत गेली हं मैना. लक्ष द्या." कमल म्हणाली, "देतोय की ताई." हुशार पोराच्या आईला मास्तर हेच सांगतात. संक्रांतीला तिसरी आली. ताईंचा आवाज कडक झाला. "कमल, मैना तिसरीत गेली. घरच्यांनी आता मनावर घ्यायला पाहिजे."

"आबांनी लई मनावर घेतलंय, ताई," कमल म्हणाली, आणि खरंच घेतलं होतं. सोळा महिन्यांची पोरगी तिसरीत, हे आबा भिगवणच्या बाजारात सांगून आले होते.

त्यात तिसऱ्या श्रेणीला सुकडी दुप्पट मिळायची. मग तर कुणाला शंकाच उरली नाही. पहिलीला नुसतं नाव, तिसरीला बक्षीस. मी मैनाची दुप्पट सुकडी डब्यात घालून घरी पोचवायची आणि आबा ती घरोघरी चिमूट चिमूट वाटायचे. "मैनीच्या नंबराची हाय, घ्या." मलाही द्यायचे. मी पदरात घेऊन खाल्ली आहे.

आबा म्हणाले, "सूनबाई, तू चौथी शिकलीस न्हवं? मैनी चौथीला गेली की तुझ्या बरोबरीची झाली. समद्या वस्तीला जेवाण घालतो."

मी मान हलवली.

शिमग्यानंतर इंदापूरला मदतनिसांची एक दिवसाची बैठक झाली. मोठा हॉल, पंखे, पुढं एक मॅडम. मी शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसले होते. मॅडमनी नेमकं माझ्याकडं बोट केलं. "त्या हिरव्या लुगड्यातल्या बाई. तिसऱ्या श्रेणीतलं मूल चौथीकडं चाललं, तर तुमच्या गावात काय कराल?"

मी उठले. उत्तर मला माहीत होतं.

"जेवण घालणार हायत," मी म्हणाले.

"कुणाला? मुलाला?"

"न्हाय. वस्तीला."

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक मोठं चित्र वर धरलं. त्यात एक मूल होतं, बरगड्या दिसणारं, म्हाताऱ्यासारख्या तोंडाचं. म्हणाल्या, "ही चौथी श्रेणी. ह्याच्या खाली रेघ नाही, कारण ह्याच्या खाली मूल राहत नाही."

त्या चित्रातलं मूल रडत नव्हतं. शांत होतं. शहाणं दिसत होतं.

येताना यष्टीत मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभीच होते.

दुसऱ्या दिवशी ताई यष्टीतून उतरल्या तशा मी त्यांना रस्त्यातच सगळं सांगितलं. गूळ-खोबरं, बाजार, वाटलेली सुकडी, ठरलेलं जेवण. ताई आधी हसल्या. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. "आठ महिने," एवढंच म्हणाल्या.

आम्ही तशाच आबांकडं गेलो. ताईंनी त्यांना नीट, सावकाश समजावलं. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ही सूनबाई सोता येऊन बोलली, पयल्या श्रेणीत आली म्हून. आता जेवाण घालायची येळ आली तर नंबर वाईट झाला व्हय?"

"आबा, तिची समजण्यात चूक झाली."

"बरं, तिची चूक. आन ती रेघ कुणाची? अमेरिकेची न्हवं? ताई, आमी एकदा बाजारातनं इलायती एडका आणला हुता. बैलाएवढा. आमची मेंढरं त्याच्याशेजारी उंदरं दिसायची. त्याच्या मापानं धरलं असतं तर माझा समदा कळप तिसरीत. आन झालं काय? पयल्या उन्हाळ्यात ते बाभळीखाली बसलं ते उठलंच न्हाय. माझी उंदरं कोकणात जाऊन परत आली. तवा अमेरिका मला सांगू नगा."

मला त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही. पुष्कळ वर्षांनी तक्ते बदलले, तेव्हा आम्हाला सांगितलं की नव्या मापासाठी आपल्या देशातलीही मुलं तोलली आहेत. आबांनी विचारलं असतं, कुठल्या वस्तीवरची.

पण मैना तेव्हा पोत्यावर बसून होती, तिथं माशी तिच्या तोंडावर बसत होती आणि ती हाकलत नव्हती. मी एवढंच बोलू शकले. म्हणजे आबांशी नाही. गावच्या सुनेनं थेट तोंडाला तोंड द्यायचं नाही अशी रीत, आणि तेवढं धाडसही नाही. मी दाराच्या चौकटीला म्हणाले, "उद्या वजन हाय. आबांनी एकदा सोता काटा बघावा."

"येतो की," आबा म्हणाले. "पण आधी काटा खरा हाय का बघणार."

दुसऱ्या दिवशी आबा आले ते काखेत कोकरू घेऊन. मागं मैनाला कडेवर घेतलेली कमल, तिच्यामागं तारावहिनी आणि निम्मी वस्ती. कोकरू तीन महिन्यांचं, काळं, त्याचं नाव हौशा. आबांनी दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले, किंचित वर उचललं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बारा. आन वर पाव. आता तुमच्या काट्यात बघा."

चड्डीला भोकं दोन, हौशाला पाय चार. पुढचे पाय एका भोकात, मागचे दुसऱ्या, असं करून मी त्याला लटकवलं. तो अंगणवाडीतल्या कुठल्याही पोरापेक्षा कमी ओरडला. काटा नाचला, थांबला. बारा आणि वर पाव.

"खरा हाय," आबा म्हणाले. काट्याचा मान राखावा तसं म्हणाले. "आता त्याचा बी ठिपका लावा."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी तक्त्यासारख्याच रेघा छापलेलं एक कोरं कार्ड घेतलं. नाव हौशा, वय तीन महिने. ठिपका दिला तो वरच्या रेघेच्या चार बोटं वर पडला. तारावहिनी वाकून बघत म्हणाली, "अमेरिका मागं पडली की." सगळे हसले. आबा सगळ्यात जास्त.

मग मी मैनाला घातलं. तिनं हातपाय झाडले नाहीत. काटा नाचलाच नाही, सरळ सहावर जाऊन उभा राहिला.

हसणं थांबलं. मी काट्याकडं बघून बोलायला लागले. काट्याशी बोलायला मला लाज वाटत नव्हती.

"हौशा तीन महिन्यांचा हाय. मैना दीड वर्साची."

मी काट्यावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"आखाडात मैना पावणेसात हुती. दिवाळीत साडेसहा. संक्रांतीला सव्वासहा. आज सहा."

"वर गेली म्हणत हुतीस," आबा म्हणाले.

"वय वर गेलं, आबा. पोरगी मागंच ऱ्हायली. अमेरिका सोडा. हिला हिच्याशीच लावून बघा."

आबा पुढं आले. त्यांनी मैनाला चड्डीतून काढलं, दोन्ही हात तिच्या काखेत घातले आणि हौशाला उचललं होतं तसं किंचित वर उचललं. डोळे मिटले.

"दोनशे मेंढरं हातावर तोलली," ते म्हणाले. "असलं कोकरू असतं तर मी तिसऱ्या दिशी वळखलं असतं. हिला रोज घेतो. कधी तोललीच न्हाय."

नेमकी त्याच वेळी दारात जीप थांबली. महिन्याच्या भेटीला अंगणवाड्या तपासणाऱ्या मोठ्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी आत पाऊल टाकलं तेव्हा हौशा सतरंजीवर उभा राहून सुकडीच्या पातेल्यात तोंड घालून होता. मॅडमनी टेबलावरचं कार्ड उचललं.

"हौशा. तीन महिने. सव्वाबारा किलो?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुठं आहे हे बाळ?"

मला वाटलं ताईंची नोकरी गेली. आणि मी कधी बोलत नाही ती बोलले. "काटा तपासत हुतो, मॅडम."

मॅडमनी पातेल्याकडं बघितलं, मग आबांकडं. आबा गंभीरपणे म्हणाले, "सर्वसाधारणात हाय त्यो. पण त्याची काय तक्रार न्हाय."

मॅडम काही बोलणार होत्या, पण त्यांचं लक्ष आबांच्या हातातल्या मैनाकडं गेलं. त्यांनी तिचा दंड दोन बोटांत धरून बघितला. मग एवढंच म्हणाल्या, "जीपमध्ये बसा."

कमल मैनाला घेऊन बसली, शेजारी मी, पुढं मॅडम. आबा चढले तेव्हा गडबडीत त्यांनी हौशालाही काखेत मारलं होतं. ते बारामतीच्या अलीकडं आल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. दवाखान्याच्या दारात एका माणसानं विचारलं, "पेशंट कोण?" आबांनी हौशाला खाली ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो न्हाय. ह्यो नुसता बरुबर आलाय."

मैना तिथं बरेच दिवस होती. छातीत जुना कफ होता, पोटात जंत होते, आणि डॉक्टर म्हणाले, हिला एका वेळी फार खाता येत नाही, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या, तेल-तूप घालून. आबांनी ते कोकराच्या भाषेत समजून घेतलं. अशक्त कोकराला एकदम पाजत नाहीत. घरी आल्यावर सुकडी वाटणं बंद झालं. आबा ऊन बघून पोरीला भरवायचे. पाठभिंतीची सावली उंबऱ्याला लागली की एक घास, चुलीपर्यंत गेली की दुसरा. पहिल्यांदा मैना हट्ट करून रडली, तेव्हा ते मला बोलावून घेऊन गेले, ऐकायला.

पावसाळ्यात मैना तिसरीतून दुसरीत आली. आबांनी पुन्हा गूळ-खोबरं वाटलं. बाजारात लोकांनी विचारलं तर ते खुशीनं सांगायचे, "नापास झाली, मागच्या वर्गात आली." लोकांना म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं वाटलं. पुढच्या वर्षी पहिलीत आली आणि तिथंच राहिली. अमेरिकेच्या रेघेला ती शेवटपर्यंत पोचली नाही. तारावहिनीनं मात्र मला एकटीला गाठून विचारलं, "म्हंजी आमचा बंडू पयल्यापासनं बरा हुता व्हय?" मी हो म्हटलं. "मंग मला रडू का दिलंस?" ज्या दिवसांत मला श्रेणीचा अर्थच कळला नव्हता त्या दिवसांचं मी समजू शकते. पण मैनाच्या तोंडावरची माशी मी आठ महिने बघत होते. त्याला तक्ता लागत नव्हता, इंग्रजी लागत नव्हतं, चौथीही लागत नव्हती.

मग एका उन्हाळ्यात, शाळांचे निकाल लागले त्या दुपारी, आबा अंगणवाडीच्या दारात आले. फार म्हातारे झाले होते, काठी टेकत होते. बरोबर शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्या घातलेली मैना. आबांच्या हातात निकालाचा कागद होता. त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"सूनबाई, नीट वाच. मागल्यावानी नगं. हितं चौथी बी लिवलंय आन प्रथम श्रेणी बी लिवलंय. पेढं आणू का जीप सांगू?"

मी कागद दोनदा वाचला. शाई लालच होती.

"पेढं आणा, आबा," मी त्यांच्याकडं बघून म्हणाले.

आबांनी मान हलवली. पण काठी भिंतीला टेकवून ठेवली, मैनाच्या काखेत दोन्ही हात घातले आणि तिला जमिनीपासून बोटभर वर उचललं. मैना लाजून "आबा, सोडा की" म्हणत होती. त्यांनी डोळे मिटले.

"तेवीस," ते म्हणाले. "आन वर पाव." मग काठी घेऊन पेढ्याला गेले.